गच्चीवर जा, पण मान खाली घाला: ठाणे-नवी मुंबईतून सूर्यग्रहण कसं बघायचं

आधीच सांगते, सूर्यग्रहण नीट बघायचं असेल तर वर बघायची फारशी गरजच नाहीये. आमच्या सोसायटीत २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी अख्खी गच्ची भरली होती, त्यात निम्मे लोक आजोबांच्या गुडघ्याचा एक्स-रे डोळ्यासमोर धरून उभे, दोघंतिघं गॉगलवर गॉगल चढवून, आणि सगळ्यात भारी ग्रहण कोणी बघितलं तर माझ्या सासूबाईंनी, तेसुद्धा सूर्याकडे पाठ करून. त्या वेध पाळतात, त्यामुळे स्वयंपाक बंद, झारा मोकळाच होता, तो हातात घेऊन वर आल्या आणि कठड्याच्या भिंतीसमोर धरला. भिंतीवर झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून एकेक कोर उतरली, चाळीस-पन्नास छोट्या चंद्रकोरी एकदम. एक्स-रेवाले काका एक्स-रे खाली ठेवून भिंतीकडे बघायला आले.

हे आत्ता लिहितेय कारण आपल्याकडून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्याच्या आधी १२ ऑगस्ट २०२६ ला एक आहे, त्याचे फॉरवर्ड फिरतील, पण ते स्पेन-आइसलँडकडचं, भारतातून दिसत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये "२ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात" असा मेसेज आला होता आठवतंय का, तो या २०२७ च्याच ग्रहणाचा होता, कोणीतरी वर्ष खाल्लं आणि सगळं जगही मध्ये घातलं. सहा मिनिटांचा अंधार खरा आहे, पण तो इजिप्तमध्ये, लक्झरच्या आसपास, ६ मिनिटं २३ सेकंदांचा. ठाण्यात अंधारबिंधार काही नाही. सूर्याचा एक लचका तोडलेला दिसेल, भाकरीचा कोपरा मोडल्यासारखा, आणि रस्त्यावरच्या माणसाला कळणारही नाही की वर काही चाललंय.

आणि गंमत म्हणजे त्या दिवशी आषाढी अमावास्या आहे. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, पण ही अमावास्या म्हणजे गटारी, आणि गटारीचा रविवार बरोब्बर आदल्या दिवशी येतोय. तेव्हा सोमवारी दुपारी गच्चीवर येणाऱ्यांचे डोळे आधीच लाल असतील तर त्याचा दोष ग्रहणाला देऊ नका.

अर्धवट ग्रहण जास्त फसवं का

खग्रास ग्रहणात सूर्य पूर्ण झाकला जातो तेवढी दोन-चार मिनिटं नुसत्या डोळ्यांनी बघता येतं, हे खरंय. पण ते फक्त खग्रासच्या पट्ट्यात उभं राहिलात तर. आपल्याकडे २०२७ ला खंडग्रास, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सेकंदही असा नाही की ज्यात उघड्या डोळ्यांनी बघून चालेल. यूट्यूबवर लोक गॉगल काढून ओरडताना दिसतात ना, ते दुसऱ्या गावचं ग्रहण आहे, तो व्हिडिओ बघून इथे गॉगल काढायचा नाही.

सूर्याचा भाग झाकला गेला म्हणून उरलेला भाग मवाळ होत नाही. उरलेल्या तुकड्याचा प्रत्येक ठिपका तितकाच प्रखर असतो जितका रोज असतो. डोळ्याचं भिंग तो उजेड पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका ठिकाणी गोळा करतं, आणि नेमकं त्या ठिकाणी ज्यावर आपण वाचतो, चेहरे ओळखतो. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की रेटिनाला दुखणं कळतच नाही. तिथे वेदनेच्या नसा नाहीत. त्यामुळे "मला काही झालं नाही, मी चांगलं दोन मिनिटं बघितलं" असं म्हणणाऱ्याला संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचताना कळतं की मधलं अक्षर गायब आहे.

ग्रहणातून काही वेगळे किरण वगैरे येत नाहीत. रोजचाच सूर्य. रोज आपण त्याच्याकडे बघत नाही, त्या दिवशी बघायला कारण मिळतं, बस. म्हणून गरोदर बाईने घरात पडदे लावून बसायची गरज नाही, तिला नियम तोच जो बाकी सगळ्यांना, डोळ्यावर फिल्टर नाही तर वर बघायचं नाही. ज्यांना वेध पाळायचेत त्यांनी पाळावेत, आमच्याकडेही पाळतात, तुळशीची पानं दुधात पडतात, ग्रहण सुटलं की आंघोळी होतात. फक्त घरात कोणी डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिनवर असेल तर त्यांना उपाशी ठेवू नका, एवढंच हात जोडून.

मे महिन्यात रंगीत तालीम

ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि हीच सगळ्यात कामाची आहे. ग्रहणाच्या वेळी सूर्य तुमच्या घरातून दिसतो का हे आधी बघून ठेवा, आणि ते जुलैच्या पावसात नाही बघता येणार. सूर्य २ ऑगस्टला आकाशात ज्या वाटेने जातो जवळजवळ त्याच वाटेने तो १० मेच्या आसपासही जातो. मेमध्ये आकाश स्वच्छ असतं. तेव्हा १० मेला दुपारी साडेचार ते पाचच्या मध्ये बाल्कनीत, जिन्याच्या खिडकीत, गच्चीवर कुठे ऊन येतंय ते बघा आणि मोबाईलवर त्या उन्हाचा फोटो काढून ठेवा. उन्हाचा, सूर्याचा नाही!

आपल्याकडे हे ग्रहण दुपारी उशिरा, चार-पाचच्या सुमारास आहे. मिनिटांचा हिशोब आदल्या आठवड्यात पंचांगात आणि पेपरात येईलच. पावणेपाचला सूर्य जवळजवळ बरोबर पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला, आणि क्षितिजापासून ३३ अंशांवर असेल. ३३ अंश म्हणजे किती, तर हात पूर्ण लांब करून मूठ धरली की मूठभर उंची साधारण १० अंश, अशा तीन मुठी आणि वर थोडं. त्यामुळे येऊरचा डोंगर मध्ये येत नाही. २५ ऑक्टोबर २०२२ ला मात्र आला होता. ते ग्रहण सूर्यास्ताचं होतं, दिवाळीतलं, पावणेपाचच्या सुमारास सुरू झालं आणि ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला. आम्ही ठाण्यात फराळाची ताटं घेऊन गच्चीवर, आणि सूर्य आमच्या डोंगरामागे लवकर गेला, तेव्हा माझी नणंद वाशीच्या खाडीकिनाऱ्यावरून फोनवर सांगत होती की अजून दिसतंय, अजून दिसतंय. तिच्या पश्चिमेला खाडीचं पाणी, अडवायला काही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला नवी मुंबईचा हेवा वाटला.

२०२७ ला डोंगराचं टेन्शन नाही, टॉवरचं आहे. घोडबंदर रोडला किंवा खारघरला समोरची बिल्डिंग ६० मीटर उंच असेल आणि तुम्ही खाली तिच्यापासून ९० मीटरच्या आत उभे असाल तर सूर्य तिच्यामागे. मग गच्ची, नाहीतर मोकळी जागा: ठाण्यात तलावपाळी किंवा उपवनचा पूर्वेकडचा काठ, म्हणजे समोर पश्चिमेला पाणी येतं, नवी मुंबईत वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क. गच्चीची चावी कोणाकडे असते हे सुद्धा तालमीतच विचारून ठेवा, आमच्याकडे ती सेक्रेटरींच्या घरी आणि सेक्रेटरी गावी, असं झालंय.

गॉगल: घ्यायचा असेल तर

ग्रहणाचा गॉगल म्हणजे पुठ्ठ्याचा चष्मा आणि त्यात काळी किंवा चंदेरी फिल्म. त्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं असायला हवं, सूर्याकडे थेट बघायच्या फिल्टरचं हेच मानक आहे. या मानकात बसणारा फिल्टर उजेडाच्या लाख भागांतले जेमतेम तीन भाग आत सोडतो. हा आकडा लक्षात ठेवा, लाखात तीन, पुढे लागणार आहे.

पण छापणं काय, कोणीही छापतो. २०१९ ला मी स्टेशनबाहेर पाच गॉगलचं पाकीट घेतलं, पाचही गॉगलवर नंबर छापलेला, घरी येऊन सहज म्हणून एक घालून बघितला तर हॉलमधली ट्यूबलाइट दिसतेय, टीव्हीचं टेबल दिसतंय, भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसतंय. बाकीच्या चारमधून काहीच दिसत नव्हतं. एकाच पाकिटातले! म्हणून प्रत्येक गॉगल वेगळा तपासायचा, पाकिटातला एक बरोबर म्हणजे सगळे बरोबर असं नाही.

तपासायचं असं. घरात घाला. पंखा, कपाट, माणसं, काही म्हणजे काही दिसता कामा नये. मोबाईलचा टॉर्च जवळून लावला तर फार तर मंद ठिपका दिसेल. मग गॉगल काढून त्याची फिल्म टॉर्चसमोर धरा आणि बारकाईने बघा, कुठे टाचणीएवढं भोक, चरा, घडी, पुठ्ठ्यापासून सुटलेली कड. काहीही सापडलं तर सरळ कात्रीने मधून कापून टाका. नुसता कचऱ्यात टाकू नका, पोरं उचलतात.

चष्मा असेल तर गॉगल चष्म्याच्या वरून. घालायचा तो खाली बघत, मग मान वर. काढायचा तो आधी सूर्याकडे पाठ फिरवून. बघायचं थोडं थोडं, पाच-दहा सेकंद बघितलं की मान खाली, कारण ग्रहण सावकाश चालतं, पाच मिनिटांनी बघितलं तरी तुमचं काही चुकत नाही. लहान मुलांना गॉगल मोठा होतो आणि खालून फट राहते, त्यांच्यासाठी स्टीलच्या... नको, कागदी डिश घ्या, त्यात डोळ्यांच्या जागी खाच कापून गॉगल चिकटवा, मुखवटाच होतो, आणि खुश पण होतात. तरीसुद्धा मूल एकटं सोडायचं नाही.

वेल्डिंगची काच चालते, पण नंबर बघून. १२ च्या खाली नको, १४ नंबर सगळ्यात आरामाची, सूर्य हिरवा दिसतो. अडचण अशी की वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला हार्डवेअरच्या दुकानात गेलात तर बहुतेक वेळा हातात १० किंवा ११ नंबर पडते, कारण रोजच्या वेल्डिंगला तेवढी पुरते. दुकानदार म्हणेल "सेमच आहे ताई". सेम नाही. काचेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा, नसेल तर घेऊ नका.

घरात सापडणाऱ्या "आयडिया"

एक्स-रे: काळा दिसतो म्हणजे थांबवतो असं नाही. फिल्म कुठे गडद कुठे फिकी, आणि डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड किरण त्यातून जातात. डोळ्याला अंधार वाटतो म्हणून बाहुली मोठी होते आणि आत जास्तच शिरतं. सीडी, फोटोचा जुना रोल, काजळी धरलेली काच, चिप्सच्या पाकिटाची आतली बाजू, सगळ्यांची कथा तीच. उन्हाचा गडद गॉगल लाखातले दहा-पंधरा हजार भाग सोडतो, आणि दोन गॉगल एकावर एक लावले तरी आपण तीनच्या जवळपाससुद्धा जात नाही.

आता परात. परातीत पाणी, त्यात हळद किंवा शेण कालवून त्यात सूर्याचं प्रतिबिंब बघणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि लोकांना ते सेफ वाटतं कारण मान खाली असते. मान खाली असली तरी उजेड सूर्याचाच आहे ना. सूर्य डोक्यावर असेल तर पाणी दोन टक्के उजेड परत फेकतं, आणि ३३ अंशांवर असेल तर पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे लाखात पाच हजार. गॉगलला परवानगी तीनची! हळद टाकल्याने पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारं प्रतिबिंब काही कमी होत नाही. तेव्हा परात मुसळासाठी ठेवा. (ग्रहणात परातीत मुसळ उभं राहतं म्हणतात, ते राहतं, हो, पण बूड सपाट असेल तर कुठल्याही दिवशी राहतं, आम्ही पुढच्या सोमवारी करून बघितलं.)

दुर्बीण असेल तर तिला हातच लावू नका, जोपर्यंत पुढच्या भिंगावर बसणारा खास सोलर फिल्टर तुमच्याकडे नाही. फिल्टर पुढेच हवा, डोळ्याच्या बाजूला नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ग्रहणाचा गॉगल घालून दुर्बिणीतून बघणं. दुर्बिणीने गोळा केलेला उजेड त्या फिल्मला क्षणात जाळून आत जातो. टेलिस्कोपवाल्यांकडून बघायचं असेल तर नेहरू तारांगण किंवा खगोल मंडळासारख्या लोकांनी लावलेल्या टेलिस्कोपमधून बघा, त्यांना हे रोजचं आहे.

आता खरी पद्धत: आरसा आणि कणकेचा गोळा

नेटवर ग्रहण म्हटलं की बुटाचं खोकं येतं, एका बाजूला टाचणीचं भोक, दुसऱ्या बाजूला पांढरा कागद. पद्धत बरोबर आहे पण कोणी हे सांगत नाही की त्यात दिसतं किती. भोकातून पडणाऱ्या सूर्याच्या चित्राचा आकार म्हणजे भोक ते कागद हे अंतर भागिले साधारण १०८. बुटाचं खोकं ३० सेंटीमीटर, म्हणजे सूर्य पावणेतीन मिलिमीटरचा. मोहरीपेक्षा थोडा मोठा. २०१९ सारखं मोठं ग्रहण असेल तर मोहरीतही कोर कळते, पण २०२७ चा छोटा लचका त्यात दिसणार नाही आणि मुलं म्हणतील हे काय, बोअर. अंतर वाढवा. एक मीटरला ९ मिलिमीटर, दोन मीटरला जवळपास दोन सेंटीमीटर. आणि दहा मीटर अंतर मिळालं तर ९ सेंटीमीटरचा सूर्य, पुरीएवढा!

दहा मीटर खोकं कुठून आणणार? आणायचं नाही, आपली बिल्डिंगच खोकं आहे. त्यासाठी आरसा.

पर्समधला छोटा आरसा घ्या. त्याच्यावर काळा किंवा जाड कागद चिकटवा आणि मधोमध ५ मिलिमीटरचं भोक, म्हणजे पंचिंग मशीनचं भोक असतं साधारण तेवढंच, त्यानेच पाडा. भोक गोल नसलं, चौकोनी झालं, तरी लांबवर चित्र गोलच पडतं, त्यामुळे कात्रीशी झटापट नको. आता हा आरसा पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा खिडकीत उन्हात ठेवायचा आणि कवडसा घरात, पूर्वेच्या भिंतीवर पाडायचा. टूबीएचकेमध्ये बाल्कनी ते बेडरूमची भिंत सात-आठ मीटर सहज मिळतात, मधली दारं उघडी ठेवली की झालं. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये पॅसेज असेल तर त्याहून उत्तम.

आरसा हव्या त्या कोनात उभा राहत नाही, घसरतो, कलंडतो, आम्ही पुस्तकं लावली, डबे लावले, शेवटी सासूबाईंनी आदल्या रात्रीच्या उरलेल्या कणकेचा गोळा आणून दिला. गोळा खिडकीच्या कट्ट्यावर दाबून बसवायचा आणि आरसा त्यात खोचायचा. मग जरा इकडे दाब, जरा तिकडे दाब, केसभर हलवता येतो आणि सोडला की तिथेच राहतो. कसलाही स्टँड एवढा चांगला नाही. कणीक घट्ट हवी, पुरीची. पोळीची सैल असली तर आरसा दहा मिनिटांत मान टाकतो.

ज्या खोलीत चित्र पडतंय तिथले पडदे लावा, लाइट बंद. भिंत पांढरी नसेल तर कागद किंवा जुनी चादर. भिंतीवर सुरुवातीला नुसता धुरकट गोल दिसेल, डोळे सरावले की कड धारदार वाटते आणि तो चावा स्पष्ट दिसतो. उलटसुलट दिसेल, त्यात काही बिघडलेलं नाही. चित्र फार अंधुक असेल तर भोक थोडं मोठं करा, कड पसरट असेल तर लहान करा. आणि ते सरकत राहतं! सूर्य सरकतो तसा दहा मीटरवर तो गोल मिनिटाला चार सेंटीमीटरच्या वर चालत जातो, अडीच-तीन बोटं म्हणा, तर एका माणसाची ड्युटी कणकेपाशी लावा. आमच्याकडे भाचीने पेन्सिलीने दर दहा मिनिटांनी गोलाची कड चादरीवर गिरवून ठेवली होती, किती वाजता किती खाल्लं त्याचा हिशोबच झाला, चादर गेली पण ती अजून जपून ठेवलीय.

एकच काळजी: आरशाकडे कोणी बघायचं नाही. ती लहानशी चमक म्हणजे सूर्यच आहे. कवडसा कुठून जातोय ते बघून मधल्या वाटेत खुर्च्या आडव्या लावा म्हणजे कोणाचं तोंड त्यात येणार नाही, रांगतं बाळ आणि उत्सुक आजोबा या दोघांवर विशेष लक्ष. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीतही जाऊ देऊ नका.

आरसा नको असेल तर झारा, पुरणाची जाळी, चाळण. सूर्याकडे पाठ, झारा खांद्याजवळ, समोर भिंत. भोकं मोठी असतात म्हणून भिंतीपासून निदान दोन मीटर लांब उभे राहा, जवळून फक्त भोकांचीच सावली दिसते आणि लोक म्हणतात होत नाही. काहीच हाताशी नसेल, ऑफिसमधून पाच मिनिटं खाली उतरलात, तर दोन्ही हातांची बोटं जाळीसारखी एकमेकांवर ठेवा आणि फटींतून पडणारा उजेड बघा. नाहीतर झाडाखाली जा. पानांच्या फटींतून पडणारे जे गोल कवडसे असतात ते रोजचेच सूर्याची चित्रं असतात, आपलं लक्ष नसतं, ग्रहणात सगळ्या कवडशांना चावा पडतो. पिंपळ, गुलमोहर, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष, जितकं उंच झाड तितके मोठे गोल.

ढग

आता कडू गोष्ट. २ ऑगस्ट म्हणजे आपल्याकडे भर पावसाळा. २२ जुलै २००९ ला सुरतेवरून खग्रास गेलं होतं, मुंबईतही सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला गेला होता, आणि किती जणांना ढग सोडून काही दिसलं? २१ जून २०२० ला लॉकडाऊन, सगळे घरी, रविवार, आणि आमच्यावर राखाडी पांघरूण. तर अपेक्षा बेताची ठेवा.

पण धोका पूर्ण ढगांत नाही, पातळ ढगांत आहे. पावसाळ्यात कधीकधी सूर्य ढगामागे चांदीच्या रुपयासारखा गोल, पांढरा, डोळ्याला अजिबात न खुपणारा दिसतो. अशा वेळी गॉगल घातला तर काहीच दिसत नाही, म्हणून माणूस गॉगल कपाळावर सरकवतो आणि टक लावतो. चावा मस्त दिसतो. मग आणखी बघतो. आणि ढगाला कुठे माहितीये कोण बघतंय, ते एका सेकंदात फाटतं, पापणी मिटेपर्यंत पूर्ण सूर्य डोळ्यात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले होते "अगं ढग म्हणजे देवाचा गॉगल". देवाच्या गॉगलवर आयएसओ नंबर नसतो काका. ढगातून दिसला तरी नियम तोच: गॉगलमधून दिसत नसेल तर नाही दिसत, ढग हलेपर्यंत थांबा.

ऊन-सावलीचा खेळ असेल तर आरसा लावून ठेवलेला बरा, ढग हटला की भिंतीवर चित्र आपोआप उमटतं, तुम्ही चहा पीत बसा. आणि अगदीच मुसळधार असेल तर टीव्ही. लक्झरला ऑगस्टमध्ये कोरडं ठणठणीत आकाश असतं, तिथलं खग्रास आपल्या साडेतीनच्या सुमारास आहे, आपल्याकडचा मध्य त्याच्यानंतर येतो, म्हणजे आधी लाइव्ह बघून मग छत्री घेऊन गच्चीवर जायला वेळ आहे.

मोबाईलने फोटो काढायचा तर भिंतीवरच्या गोलाचा काढा, तोच छान येतो. सूर्याचा काढायचाच असेल तर कॅमेऱ्याच्या भिंगावर गॉगलची फिल्म धरा आणि नजर स्क्रीनवरच ठेवा. मोबाईल रोखताना माणूस स्क्रीनच्या वरून "कुठे आहे सूर्य" म्हणून बघतो, डोळे तिथे जातात. आणि सोमवार असल्यामुळे चार-पाचला बरीच पोरं स्कूल बसमध्ये किंवा शाळेच्या गेटवर असणार, त्यांना सकाळीच बजावून ठेवा. नुसतं "बघू नको" म्हणालात तर नक्की बघतील, त्यापेक्षा "बसमधून उतरलास की झाडाखाली गोल शोध" असं काम द्या.

नंतर

ग्रहण सुटल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाला मधोमध डाग दिसायला लागला, सरळ रेघ वाकडी दिसली, अक्षरं पुसट झाली, रंग फिके वाटले, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. गुलाबपाणी, दूध, मध, घरातले जुने ड्रॉप्स काही घालू नका, कारण इजा आत पडद्यावर आहे, वरून घातलेलं तिथे पोचत नाही. प्रत्येक डोळा वेगळा झाकून कॅलेंडरमधली तारीख वाचून बघा, दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा लपवतो. यावर खात्रीचं असं औषध नाही, बऱ्याच जणांना काही महिन्यांत फरक पडतो, काहींचा डाग राहतो तो राहतोच.

आमच्या लहानपणी ग्रहण सुटताना खाली रस्त्यावरून "दे दान सुटे गिराण" अशी हाळी यायची आणि आई खिडकीतून जुने कपडे, धान्य द्यायची. आता टॉवरच्या अठराव्या मजल्यावर ती ऐकू येत नाही.

गॉगल चांगला असेल तर टाकू नका. पाकिटात घालून जाड पुस्तकात सपाट ठेवा, घडी पडता कामा नये, आणि पाकिटावर तारीख लिहा. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती आहे, तेव्हा आपल्याकडे खंडग्रास दिसेल, आणि मे महिना म्हणजे ढगांची कटकट कमी. वापरायच्या आधी परत टॉर्चसमोर धरून तपासायचा. कणीक मात्र ताजी मळा.